स्पिरिटचा कापूस

मी टाकीच्या तोंडाशी उभी होते आणि सडक्या अंड्यांचा वास येत होता. मग तो यायचा थांबला.

घाण वास थांबला की माणसाला बरं वाटायला हवं. मला घाम फुटला. माझ्या खोलीत राहणारी मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. तिने एकदा भेंडी चिरता चिरता मला सांगितलं होतं की हा गॅस आधी नाकाला मारतो. थोडा असला की वास येतो, जास्त झाला की वासच येत नाही आणि त्यानंतर माणूस पडतो. म्हणजे वास गेला याचे दोन अर्थ निघतात: गॅस गेला, किंवा माझं नाक गेलं. यातला खरा कुठला ते सांगायला टाकीच्या कडेला, भिंतीच्या खिळ्यावर, जेवणाच्या डब्याएवढा एक डबा टांगलेला होता. त्याच्यावर हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

हा डबा देशाला पुढे नेणार होता. तसं आम्ही छापलं होतं.

मी लातूरकडची. चंदीगडला अर्थशास्त्रात एम.ए. करायला आले आणि पहिल्याच वर्षी पत्रकं लिहिणाऱ्या टोळक्यात सापडले. आमचा गट लहान, आवाज मोठा. आमचं म्हणणं सोपं होतं आणि आजही मला ते खरं वाटतं. नुसती स्वस्त मजुरी विकून देशाची गरिबी हटत नाही. शोध लागले पाहिजेत, ते इथल्या माणसांना लागले पाहिजेत आणि लागल्यावर प्रबंधात पुरून न ठेवता कारखान्यात गेले पाहिजेत. विद्यापीठात एवढे हुशार लोक बसलेत, आणि स्कूटरवर पाऊण तासात गाठता येईल अशा इंडस्ट्रियल एरियात माणसं अजून नाकाने गॅस ओळखतात. याची लाज कोणाला वाटते? असं मी लिहायची. सेक्टर बावीसच्या बाजारात, चाटवाल्यांच्या गर्दीत आम्ही ते वाटायचो. लोक घ्यायचे, त्यात समोसा ठेवायचे.

पत्रकात लोक संतापलेले असतात, जागे झालेले असतात, एकजूट झालेले असतात. घाबरलेलं कोणी नसतं. पत्रकात भीती लिहायची नसते, हे आम्हाला शिकवलेलं होतं.

डबा माझ्या रूममेटच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. परदेशी गॅस-अलार्म महाग पडतात, छोटे कारखानदार ते घेत नाहीत. हा स्वस्त, इथेच बनलेला, इथल्या पोरांनी डोकं लावून बनवलेला. आमच्या गटाला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? आम्हीच इंडस्ट्रियल एरियाच्या फेज टूमधला एक कारखाना शोधून दिला, नट-बोल्टांना झिंकचा मुलामा देणारा. मालक सरदारजी, पन्नाशीचे, दाढीला हात लावत बोलणारे. त्यांनी आनंदाने डबा लावून घेतला. त्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगणात जमिनीखाली सांडपाण्याची टाकी होती. त्यात ॲसिडचं पाणीही जायचं, कामगारांच्या मोरीचंही. खाली गाळ बसायचा, सडायचा. अधूनमधून माणूस उतरवून तो काढावा लागायचा.

त्या सकाळी मी तिथे गेले होते ती बॅनर लावायला. दुसऱ्या दिवशी कोणी मोठे पाहुणे येणार होते, प्रयोगशाळा आणि उद्योग यांचं जमतं कसं ते बघायला. मालकांनी मला बघून चहा सांगितला आणि म्हणाले, “बेटा जी, कल के लिए टैंक साफ करवा रहे हैं. बड़े लोग आएँगे, बदबू अच्छी नहीं लगती.”

म्हणजे बघा. पाहुण्यांना डबा दाखवायचा म्हणून टाकी साफ करायची, आणि टाकी साफ करायची म्हणून माणूस आत उतरवायचा.

बॅनर बांधायला दोरी हवी होती. तिथल्या एका कामगाराने एक जाड, छान दोरी आणून दिली. बॅनर ताणून बांधल्यावर मी सहज विचारलं की ही कशाची दोरी.

“टंकीवाली है,” तो म्हणाला. “पहले कमर में बाँध के उतरते थे. एक आदमी ऊपर पकड़ के खड़ा रहता था. पंखा भी लगाते थे, ढक्कन रात भर खुला रखते थे. बहुत झंझट था. अब मशीन है.”

हा कामगार उत्तर प्रदेशातला, माझ्या मोठ्या भावाच्या वयाचा. टाकीत उतरायचं काम त्याचंच. त्याने शर्ट काढून खुंटीला लावला होता, हाफ पँटवर होता, आणि बांबूची शिडी आणून टाकीशेजारी आडवी ठेवली होती. झाकण नुकतंच सरकवलेलं. मी आत वाकून बघायला गेले तेव्हा तो म्हणाला, “आप भी उतरेंगी दीदी? नीचे ए.सी. है, एकदम ठंडा.”

तेव्हाच तो वास आला, आणि मग थांबला.

मी मागे झाले. हात लोखंडी झाकणाला लागून चिकट झाले होते, म्हणून पिशवीतून सॅनिटायझरची बाटली काढून दोन थेंब हातावर घेतले. हात चोळले आणि डबा किंचाळला. लाल दिवा, कानात सुई घातल्यासारखा आवाज. मी बाटलीच टाकली. आत मशीनवर काम करणारे दोघं धावत आले. मालक आले. मग मालकांनी माझे ओले हात बघितले, जमिनीवरची बाटली बघितली आणि पोट धरून हसायला लागले.

“देखा? इतना तेज़ है. मैडम ने हाथ साफ किए तो भी पकड़ लिया.”

सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. डबा थोड्या वेळाने गप्प झाला, पुन्हा हिरवा झाला. मी मात्र त्याच्याकडे बघत राहिले. हातावरच्या दोन थेंबांना हा डबा एवढा ओरडला. खाली टाकीभर गाळ सडत होता, मला स्वतःला त्याचा वास आला होता. त्याला हा डबा साधा पिवळासुद्धा झाला नव्हता.

मी कोपऱ्यात जाऊन रूममेटला फोन लावला. ती कोल्हापूरची. तिकडच्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तशी ती बोलते. इकडचे मराठी लोक, विशेषतः एअरफोर्सवाल्यांच्या बायका, त्याला हसतात. तिला काही फरक पडत नाही.

“काय गं, जेवायच्या वेळंला?” ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. सॅनिटायझरचं सांगितलं तेव्हा ती बोलायची थांबली.

“आहेस का?”

“हाय.” मग म्हणाली, “त्यो डबा कुठल्या बॅचचा हाय, बघ की. मागं नंबर असंल.”

मी बघितला, सांगितला.

“कोण उतरणार हाय का आत?”

“आत्ता. शिडी आणलीय.”

“नको,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “त्याला नको म्हण. ती बॅच आम्ही कापसावर पास केलीया.”

कापूस म्हणजे काय ते मला तेव्हा अर्धवट कळलं, पूर्ण नंतर. ते इथेच सांगते.

प्रयोगशाळेला सतत पाहुणे यायचे. अधिकारी, उद्योजकांच्या संघटना, शाळांच्या सहली, कधी बाहेरच्या देशांतले लोक. प्रत्येकाला डबा वाजताना बघायचा असायचा. आता विषारी गॅस काय पाहुण्यांच्या तोंडावर सोडणार? म्हणून मुलांनी एक सोय काढली. स्पिरिटमध्ये कापूस भिजवायचा, डब्यासमोर धरायचा. डबा वाजायचा, टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे. तोपर्यंत यात काही वाईट नव्हतं. पण मग खऱ्या गॅसचं सिलिंडर संपलं. नव्याची मागणी केली, तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. कोणी म्हणे तीन दुकानांचे भाव आणा, कोणी म्हणे विषारी माल ठेवायची परवानगी दाखवा. प्रदर्शनातल्या स्टॉलला, बॅनरला, पाहुण्यांच्या पेढ्यांना मात्र कधी अडचण आली नाही. आणि वरून तगादा: किती डबे झाले, कारखान्यात कधी जाणार, अहवालात काय लिहू? मग मुलांनी डब्यात बसवायच्या, गॅस ओळखणाऱ्या नव्या पट्ट्याही कापसावर तपासायला सुरुवात केली. जी पट्टी कापसाला पटकन ओरडेल ती पास, जी ओरडणार नाही ती कचऱ्यात. पट्टीवर लावायच्या पेस्टमध्ये थोडा बदल केला की ओरडणं वाढायचं, म्हणून तो बदल पक्का झाला. असं करत करत त्यांनी मोठ्या मेहनतीने, मोठ्या हुशारीने स्पिरिट ओळखणारं एक उत्तम यंत्र बनवलं. खोटं कोणीच बोललं नाही. पाहुण्यांसाठी काढलेली सोय प्रयोगाची पद्धत होऊन बसली, आणि ज्याला ते खटकलं त्याने मान खाली घालून पुढची पट्टी भट्टीत टाकली, कारण त्याचाही प्रबंध मार्गदर्शक सरांच्या सहीवर अडकलेला.

मला याचा राग येतो. अजून येतो. ‘नवसंशोधन’ हा शब्द मोठ्या अक्षरात छापणारे आम्हीही त्यात आलो. पण त्या अंगणात राग कुठे होता? तिथे फक्त एक माणूस हाफ पँटवर उभा होता आणि त्याने शिडी उचलायला हात घातला होता.

मी जाऊन शिडीवर बसले.

दुसरं काही सुचलं नाही. टाकीच्या तोंडावर बसायचं धाडस होत नव्हतं, तिथे श्वास घ्यायलाच भीती वाटत होती. शिडी चार पावलं अलीकडे आडवी पडली होती. तिच्यावर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी बांबू धरला.

“ये क्या है?” मालक म्हणाले.

“धरना है जी,” आत काम करणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. “परचेवाली मैडम हैं, बैठे बिना खाना हजम नहीं होता.”

टाकीत उतरणारा हसत होता. “दीदी, सीढ़ी पर बैठने से मन्नत पूरी नहीं होती. उठिए, मुझे नहाना भी है, खाना भी खाना है.”

मी सांगितलं की मशीन चुकीचं आहे, आत गॅस असू शकतो. माझं हिंदी चांगलं आहे, भाषणं करते मी हिंदीत. पण त्या वेळी वाक्यं तुटत होती. मालकांचा चेहरा हळूहळू बदलला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं की पोरगी उन्हात घाबरलीय.

“अभी तो बजा, सबके सामने बजा.”

“वो सॅनिटायझर से बजा अंकलजी. गैस से नहीं बजता.”

“सॅनिटायझर जैसी छोटी चीज से बजता है तो गैस से क्यों नहीं बजेगा?”

मी अर्थशास्त्राची. मालकांनी सरळ सरांना, म्हणजे माझ्या रूममेटच्या मार्गदर्शकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की डबा व्यवस्थित आहे, सगळ्या चाचण्या झालेल्या आहेत, काम सुरू ठेवा. आणि हसून पुढे म्हणाले, “मैडम पर्चे बाँटती हैं जी. सेन्सर हम बनाते हैं. उनसे कहिए, कल के लिए फूल-वूल का इंतजाम देख लें.”

अंगणात सगळे हसले. तो अपमान मला लागायला हवा होता. लागलाही असेल. पण मला एवढंच दिसत होतं की सरांच्या त्या शांत आवाजाने सगळ्यांची उरलीसुरली भीती गेली आणि ती सगळी मिळून माझ्या एकटीच्या अंगावर आली. टाकीत उतरणाऱ्याने शिडीचं एक टोक धरलं. “उठ जाइए दीदी,” तो म्हणाला, आता हसत नव्हता. मी शिडीवर, तो टोकाला, आणि तो ओढायला लागला. हळूच ओढत होता, मी पडू नये म्हणून. शिडी माझ्यासकट टाकीकडे सरकत होती.

त्यात माझा फोन वाजला. रूममेट.

“स्पीकरवर टाक,” ती म्हणाली.

“अगं, सरांशी बोलणं झालंय. ते म्हणाले...”

“व्हय, मला पण आत्ताच फोन आला त्यांचा. टाक म्हणतो ना स्पीकरवर.”

मी टाकला. तिचं हिंदी म्हणजे कोल्हापुरी चपलेसारखं करकरतं. एरवी आम्ही दोघी त्याला हसतो.

“अंकलजी, मैं वो डब्बा बनानेवाली लड़की बोलती. मैंने खुद बनाया, मेरे हाथ से. वो स्पिरिट को बजता, टंकी के गैस को बजता क्या नहीं, हमने देखाच नहीं. सिलिंडर नहीं था हमारे पास. किसी को नीचे मत छोड़ो. मैं रिक्शा में बैठी है, आती है.”

मालकांनी दाढीवरचा हात काढला. “पर सर तो बोले...”

“सर को मैंने बताया नहीं था अंकलजी. अब बताऊँगी.”

शिडी ओढायची थांबली.

पुढे सरांचं आणि तिचं काय झालं ते सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याचा जीव त्यात राहायला नको. पाहुणे आले. कारखान्याऐवजी विद्यापीठाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, दुसऱ्या एका विद्यार्थ्याने कापूस धरला, टाळ्या पडल्या. सर तिच्याशी थेट बोलत नाहीत, ज्युनिअरकरवी निरोप देतात. तिचा प्रबंध पुढे गेला, म्हणजे लांबला. मी एक पत्रक लिहिलं होतं, तिने ते वाचून माझ्यासमोर फाडलं. म्हणाली, “सिलिंडर आलं की मगच छाप. न्हाईतर लोक म्हणतील संशोधनच खोटं असतंय, आणि परत समदे परदेशी माल आणत बसतील.” सिलिंडर शेवटी आलं. त्यासाठी तिने किती टेबलांपुढे उभं राहून काय ऐकून घेतलं ते ती सांगत नाही. आता ती बंद पेटीत खरा गॅस सोडून एकेक पट्टी तपासते, मास्क लावून, दाराशी दुसरा माणूस उभा करून. बहुतेक पट्ट्या नापास होतात. ती रोज येऊन सांगते, आज पण न्हाई. मी तिला पोहे करून देते. देशाच्या प्रगतीवर आम्ही हल्ली फार बोलत नाही.

तर, ती रिक्षातून उतरली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अंगणात आली, कोणाशी बोलली नाही. आधी झाकणाकडे गेली, टाकीपासून लांब राहून पायाने ते ढकललं. हलेना. तेव्हा टाकीत उतरणाऱ्यानेच मागून हात लावला आणि दोघांनी मिळून तोंड बंद केलं. मग तिने डबा खिळ्यावरून काढला, तार उपटली. हिरवा दिवा गेला. तेव्हा मला कळलं की मी इतका वेळ त्या दिव्याकडेच बघत होते.

मालक म्हणाले की ठीक आहे, पंपवाला टँकर बोलावतो, गाळ वरूनच ओढून घेऊ. आत्ता कोणीच नाही उतरणार. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “उठ जा बेटा, अब तो उठ जा.” मी अजून शिडीवरच बसलेली होते. मी हात टेकून उठले. रूममेटने दंडाला धरलं.

हसणारे दोघे आत मशीनवर निघून गेले. टाकीत उतरणारा मात्र तिथेच उभा होता. शर्ट खुंटीवर होता, तो घ्यायला त्याने हात वर केला आणि तसाच ठेवला.

“दीदी,” तो रूममेटला म्हणाला, “होली से पहले मैं उतरा था.”

तिने हातातल्या डब्याकडे बघितलं.

“तब भी यही टँगा था. बीच में सिर भारी हुआ. उलटी जैसा लगा. मैंने ऊपर देखा, बत्ती हरी थी. तो मैंने सोचा गर्मी है. बाल्टी भरता रहा. फिर ऊपर आके लेट गया था, ये लोग बोले रात की पी हुई है.”

“किती वेळ...” रूममेट मराठीतच बोलायला लागली, मग सावरली. “कितना टाइम नीचे थे?”

“पता नहीं. पूरा साफ किया था.” आणि मग, “तब गैस थी क्या?”

मी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलली असती तर मला चाललं असतं, खरंच सांगते. ‘नसेल, भैया’ एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस शर्ट घालून जेवायला गेला असता.

“मालूम नहीं भैया,” ती म्हणाली. “हमको सच में मालूम नहीं.”

त्याने मान हलवली. शर्ट खाली घेतला, पण घातला नाही, हातात गोळा करून धरला. बंद झाकणाकडे बघत तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. आम्ही दोघीही नकळत त्याच्याबरोबर मागे सरलो. मागे कारखान्याची भिंत होती. ती पाठीला लागली तेव्हा तो खाली बसला, गुडघे जवळ घेऊन, आणि मोठमोठे श्वास घ्यायला लागला. आम्ही त्याच्या शेजारी बसलो. तो श्वास घेत होता ते आम्ही ऐकत राहिलो.